मोठ्या मनाचा माणूस

गावात माणूस मेला की जाळायला लाकूड लागतं, तिरडीला कळक लागतो आणि तिसऱ्या दिवशी हरिबा लागतो. नदीवर राख सावडून झाली, पिंड मांडून झाले, की लोक माना वळवून त्याला शोधतात. हरिबा उठतो, टोपी काढून पुन्हा घालतो, खाकरतो आणि दोन शब्द बोलतो. ते बोलून होईस्तोवर मेलेला पुरता मेला असं गाव धरतच नाही.

ह्याला कारण एकतीस वर्षांची पोस्टाची पिशवी. गावातल्या एकूण एक उंबऱ्यावर हरिबा कधी ना कधी टेकलेला. कुणाची मनिऑर्डर, कुणाची तार, कुणाचं कधीच न आलेलं पत्र, सगळं त्याला ठाऊक. त्यामुळं कुणाबद्दलही सांगण्याजोगं एक तरी काही त्याच्यापाशी असायचंच. दारूनं मेलेल्या सुतारावर बोलताना त्यानं सांगितलं, की अडलेली म्हैस सोडवायला गावानं अवेळी ह्यालाच उठवलं आणि हा एकदाही 'सकाळी येतो' म्हणाला नाही. भूपाल दुकानदाराबद्दल सांगितलं, की त्याच्या तागडीतून गूळ नेहमी चिमूटभर जादाच उतरला. जिला सगळं गाव नुसतं 'खालच्या आळीची म्हातारी' म्हणायचं, तिचं खरं नाव त्यानं घाटावर घेतलं तेव्हा तिच्या सुनासुद्धा एकमेकींकडं बघायला लागल्या. हे सगळं खरं होतं. हरिबा घाटावर खोटं बोलला तो एकदाच, आणि त्या एकदाच्या बोलण्यानं त्याचं रान अडकवून ठेवलं.

माघातली सकाळ होती. हरिबा आणि त्याची बायको बनुबाई डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन पाटाच्या बांधावरून चालली होती. बांध हातभर रुंद. एका अंगाला पाटाचं हिरवं पाणी, दुसऱ्या अंगाला घाणेरीचं जाळं. खरं तर रानातून डांबरी रस्त्यापर्यंत तीनशे पावलांची सरळ गाडीवाट होती, शेजारच्या जयराजच्या रानाच्या कडेनं जाणारी. पण दिवाळीपासून तिच्या तोंडावर सिमेंटचे खांब आणि काटेरी तार उभी होती. म्हणून हा पाऊण मैलाचा वळसा. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम येऊन तारेकडं एकदा बघून गेला होता. ट्रॅक्टर आत येणार नसेल तर माझ्या माणसांनी डोक्यावर वाहायचं का, असं विचारून तो पुढच्या फडाला गेला. पोरगा राजवर्धन फौजेत, त्याला रजा मिळत नव्हती. मग साठीतली दोघं नवरा-बायको रोज झेपेल तेवढा ऊस तोडत, मोळ्या बांधत आणि रस्त्यावर नेऊन टाकत. संध्याकाळी गुऱ्हाळाचा ट्रॅक्टर येऊन त्या उचलून नेई. वीस गुंठ्यांतला चौथा हिस्सासुद्धा सरला नव्हता आणि उभ्या उसाला तुरे आले होते.

देवळावरचा कर्णा खरखरला तशी बनुबाई थांबली. मागं हरिबाही थांबला. मोळी खाली ठेवायला जागाच नव्हती. ठेवली असती तर पाण्यात गेली असती. दोघं तसंच डोक्यावर ओझं घेऊन उभी राहिली.

"गुंडा तात्या यांच्या पत्नी मनुबाई यांचं आज पाटं निधन झालं हाय. अंत्यविधी दहा वाजता. रक्षाविसर्जन परवा बेस्तरवारी सकाळी नऊ वाजता घाटावर हाय."

कर्णा तेच पुन्हा म्हणाला. बनुबाईच्या मानेची शीर टरारून फुगली होती. चुंबळीखालून घामाचा ओघळ भुवईत उतरला, तो पुसायला तिच्याकडं हात नव्हता.

"गेली की ओ," ती म्हणाली. "आता आपलं कोण सांगणार?"

"चल फुडं," हरिबा म्हणाला.

आता ते खोटं काय होतं ते सांगायला हवं. जयराजचा बाप गुंडातात्या तीन वर्षांपूर्वी गेला. माणूस कसा होता, तर विहिरीवर तहानलेला आला की आधी कासरा लपवणारा. आयुष्यभर त्यानं दर नांगरटीला त्या गाडीवाटेतला वीतवीतभर तुकडा आपल्या रानात ओढला. असल्या माणसावर काय बोलायचं? हरिबा दोन रात्री तळमळला. एकही गोष्ट सापडेना. घाटावर उभा राहिला, समोर तात्याची पोरं-नातवंडं रडताना दिसली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तात्या मोठ्या मनाचा माणूस. स्वतःच्या रानातनं आमाला वाट दिली. त्यांचे उपकार आमी इसरणार न्हाई." लोकांनी माना डोलवल्या. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं घेतलं आणि गावच्या ग्रुपवर टाकलं.

वाट हरिबाच्या आज्यापासूनची होती. कुणी दिलीही नव्हती, घेतलीही नव्हती. पण जयराजनं तार मारल्यावर हरिबा तालुक्याला दाद मागायला गेला, तेव्हा जयराजच्या वकिलानं मोबाईल काढून साहेबापुढं धरला. त्यात हरिबा टोपी घालून, हात जोडून, स्वतःच्या तोंडानं सांगत होता. वाट हक्काची नाही, उपकाराची. आणि उपकार करणाऱ्याच्या पोराला आता तो करायचा नव्हता. निकाल विरुद्ध गेला. वर अपील केलं, त्याची तारीख येत्या सोमवारी होती.

त्या अपिलात साक्षीला एकच माणूस उरलं होतं. मनुबाई. जयराजची आई.

मनुबाईचं आणि बनुबाईचं सूत होतं. तार मारल्यावरही ती काठी टेकत यायची, तारेच्या पलीकडून पाण्याची कळशी अलीकडं द्यायची आणि म्हणायची, "पोराला अक्कल न्हाई गं. मी येते सायबाफुडं. मी सांगते." काय सांगणार तेही तिनं बनुबाईला दहा वेळा सांगितलं होतं. साठ वर्षांपूर्वी नदीला पूल नव्हता. मनुबाई नवरी होऊन आली ती बैलगाडीतनं, नदीचा उतार चढून, हरिबाच्याच रानातून आणि त्याच वाटेनं. हरिबाच्या रानाच्या कोपऱ्याला गाडीचं चाक चिखलात आसापर्यंत रुतलं. वऱ्हाड खोळंबलं. तेव्हा हरिबाच्या बापानं औताची बैलं सोडून आणली, गाडीला जुंपली आणि नवरी थेट गुंडातात्याच्या दारात नेऊन उतरवली. म्हणजे उपकार झाला असेल तर तो हरिबाच्या घरानं केलेला. जयराजनं आईला दम्याचं निमित्त सांगून तालुक्याला जाऊ दिलं नाही. आणि आता ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं ऊस तोडत होती. तारेपलीकडं जयराज येऊन उभा राहिला. डोक्याचा गोटा केलेला, अंगावर पांढरं धोतर, डोळे सुजलेले. हरिबाच्या हातातला कोयता तसाच राहिला.

"नाना, उद्या नऊला हाय."

"व्हय. ऐकलं कर्ण्यावर."

"तुमीच बोलायचं. आईनं सांगून ठेवलं व्हतं. दुसरं कुणी नको म्हणली."

हरिबानं खाली बघितलं. जयराज तारेच्या काट्याला बोट लावत म्हणाला, "वाटंचं काय असंल ते सायबाफुडं. घाटावर न्हाई. आईवर चांगलं बोला. तात्यांवर बोललासा तसं."

हा टोमणा की विनवणी ते हरिबाला कळलं नाही. बहुतेक जयराजलाही कळलं नसावं. बनुबाई पाचटातून वाट काढत आली, तांब्या भरला आणि तारेवरून त्याच्याकडं केला. जयराजनं ओंजळ धरली. ती वरून ओतत राहिली, तो पीत राहिला. पाणी कोपरावरून धोतरावर सांडलं. तोंड पुसून तो परत गेला.

तो लांब गेल्यावर बनुबाई म्हणाली, "उद्या सांगा."

"काय?"

"म्हातारी कुटनं आली ते. गाडी कुणी वडली ते. समदं गाव बसलेलं असतंय, मोबाईल असत्यात. सांगा म्हंजे झालं."

"आगं, लोक काय म्हणतील? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं म्हणतील."

"तवा गुंडातात्याच्या टाळूवर लावलासा की चांगलं गोळाभर. त्येला कोण काय म्हणलं?" बनुबाईनं ऊस बुडातून तोडला, वाढं छाटलं आणि ढिगावर फेकला. "खोटं बोलून एकदा बघितलं. आता खरं बोलून बघा. तिचीच गोष्ट हाय, तुमची न्हाई. तीच सांगणार व्हती."

हरिबा बसून मोळी बांधायला लागला. तिचं म्हणणं खरं होतं, तेच अवघड होतं. घाटावरच्या बोलण्याला गावात मान होता तो एवढ्याचसाठी, की हरिबाचं त्यात कधी काही नसायचं. उद्या पहिल्यांदा असणार होतं. न बोलावं तर सोमवारी हात हलवत साहेबापुढं उभं राहायचं आणि जन्मभर पाटाच्या बांधावरून मोळ्या वाहायच्या. बोलावं तर मयताच्या राखेत उभं राहून स्वतःची केस लढायची. मोळीचा वेढा त्यानं इतका आवळला की उसाची सालं त्याच्या तळव्यात रुतली.

गुरुवारी घाटावर माणूस मावत नव्हतं. मनुबाईला गावात सगळे मानायचे. राख सावडून झाली, नदीत सोडून झाली. काठावर केळीच्या पानांवर पिंड मांडले, भोवती तिच्या आवडीचं ठेवलं, धपाटं, दही, गुळाचा खडा, तपकिरीची डबी. पुरुष पायऱ्यांवर, बाया वरच्या अंगाला पिंपळाखाली. भाऊसो, गावातला जुना पंच, पुढं बसला होता. त्यानं मागं वळून मान हलवली तसा हरिबा उठला. टोपी काढली, पुन्हा घातली. पंधरा-वीस मोबाईल वर झाले. रेकॉर्ड करणारी तरणी पोरं पार पिंडापर्यंत पुढं सरकली.

"मनुवहिनी," हरिबा म्हणाला आणि थांबला. पिंपळाखाली बनुबाई बसली होती. तिनं पदर कानामागं सारला.

"मनुवहिनींवर सांगायसारखं लय हाय. त्येंच्या दारातनं मी कवा बिगरपाण्याचा गेलो न्हाई. पोस्टाची पिशवी उतरून घ्यायच्या, ऊन उतरस्तोवर सोडायच्या न्हाईत. लिवायवाचायला येत न्हवतं, पर भावाचं पत्र आलं की घडी न मोडता दोन दिस उशाला ठेवायच्या. म्हणायच्या, वाचलं की संपतंय." बायांतून हुंदका आला. जयराजनं तोंडावर पंचा घेतला. हरिबाचा आवाज सैल झाला, बोलणं लागलं. "आन त्या ह्या गावात आल्या कशा, ती त्येंनी सोता सांगितल्याली गोष्ट. तवा पूल न्हवता. नवरीची गाडी उतार चढून आमच्या रानातनं आली. आमच्या रानातनं तात्यांच्या रानाच्या कडंनं जी गाडीवाट हाय, त्या वाटंनं. चाक रुतलं. आमच्या बापानं बैलं लावून गाडी वडली. वहिनी म्हणायच्या, हरिबा, मी ह्या घरात तुज्या बापाच्या बैलांनी आले." मग त्यानं राहिलेलंही संपवलं. "वाट तवाबी व्हती. कुणी दिली न्हाई, तात्यांनीबी न्हाई. मी तात्यांवर बोललो तवा ते खोटं बोललो. त्येची माफी मागतो, आन वहिनींचं खरं हाय ते त्येंच्याच राखंफुडं सांगतो."

जयराजनं पंचा खाली केला होता आणि तो पायऱ्यांच्या दगडाकडं बघत होता. पण कुणी 'गप' म्हणालं नाही. एका म्हाताऱ्यानं तर हळू आवाजात "खरं हाय, उतारावरनंच यायच्या गाड्या" असं म्हटलंही. हरिबा खाली बसला तेव्हा त्याला छातीत हलकं वाटलं, तीन वर्षांत वाटलं नव्हतं तसं.

आता कावळा शिवायचा राहिला होता.

कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते. पण एकही खाली उतरेना. पाव तास झाला. अर्धा तास झाला. जयराजनं हात जोडून "आई, पोरांना संबाळतो" म्हणून झालं, त्याच्या बायकोनं "आत्या, तुमचा देवारा पुजते" म्हणून झालं. कावळे बाभळीवरच. ऊन पायऱ्यांवर चढलं. कुणाच्या उसाला तोड आलेली, कुणाची कुपवाडच्या कारखान्यातली पाळी चुकत होती. कावळा शिवल्याशिवाय उठता येईना.

मग कुजबूज सुरू झाली.

"म्हातारीचा जीव अडकलाय कशात तरी."

"कशात काय, वाटंत. आत्ता निघाली न्हवं वाट?"

माणसं जयराजकडं बघायला लागली. पण गोटा केलेल्या, आई गेलेल्या पोराला भरल्या घाटावर कोण टोकणार? नजरा त्याच्यावरून हळूहळू सरकत हरिबावर येऊन थांबल्या. भाऊसो उठून त्याच्यापाशी आला, खांद्यावर हात ठेवला.

"हरिबा, म्हातारीचं तुज्यावर लय हुतं. दोन घरांतलं भांडान तिला सोसवंना म्हणून जीव घुटमळतोय. तू म्हण. अपील मागं घेतो म्हण."

"भाऊसो, आवं—"

"जमिनीचं काय घिऊन बसलायस? आज हाय, उद्या न्हाई. बाईमाणूस उन्हात तिष्टत ऱ्हायलंय."

भोवती माणसं गोळा झाली. मोबाईलवाली पोरं पिंडापासून हलून हरिबाच्या तोंडासमोर आली. सगळेच कडं करून त्याच्याकडं वळले. "म्हणा की नाना." "सोडा की एवढं." आवाजात राग नव्हता, आर्जव होतं, आणि त्याच आर्जवापुढं हरिबाला नाही म्हणवेना. शंभर मयतांना जो माणूस बोलला, त्याचं ह्या एका मयतापायी अडलं असं उद्या गाव म्हणणार होतं. त्यानं माणसांच्या पायांमधून पिंपळाकडं बघितलं. बनुबाई उठून उभी राहिली होती. मान हलवत होती. नाही, नाही.

हरिबानं हात जोडले. "वहिनी," तो म्हणाला, "सोमवारी जाऊन अपील मागं घेतो."

"आला! आला!" बाया ओरडल्या. कावळा पिंडावर उतरला होता, धपाट्याचा तुकडा चोचीत धरून उडालाही. घाटानं सुटकेचा श्वास टाकला. माणसं धोतरं झटकत, चपला शोधत उठली. भाऊसोनं हरिबाची पाठ थोपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस!"

हरिबाला ते शब्द ओळखीचे होते. त्यांची किंमत त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती.

जयराज पुढं आला. रडून त्याचा चेहरा लाल झाला होता. मनातून आलेलं बोलत होता, त्यात लबाडी नव्हती. "नाना, तुमी आईसाठनं एवढं केलंसा. ह्या हंगामाला तार काढतो मी. ऊस न्या तुमचा. दिली वाट." मोबाईल अजून चालूच होते.

दुपारी रानात आल्यावर दिसलं, जयराजच्या गड्यानं दोन खांबांमधली तार सोडून गुंडाळून ठेवली होती. गुऱ्हाळाचा ट्रॅक्टर वाटेच्या तोंडाशी घुरघुरत उभा होता. बनुबाईनं काल तोडलेल्या उसाची मोळी उभी केली, चुंबळ डोक्यावर ठेवली, गुडघ्यानं रेटा देऊन मोळी वर घेतली आणि पाटाच्या बांधाकडं वळली.

"आगं, तार काढलीया," हरिबा म्हणाला.

"बघितली."

"मग?"

ती थांबली. डोक्यावर ओझं असल्यानं तिला वळून बघता येत नव्हतं. पाठमोरीच म्हणाली, "कावळा कवा आला, बघितलासा का?"

हरिबा तिच्या मागं दोन पावलं गेला.

"मोबाईलवाली पोरं अर्धा तास पिंडावर वाकून हुबी व्हती. ती तुमच्याकडं सरकली, पिंडापाशी मोकळं झालं, तवा आला त्यो. दर मयताला तुमीच वरडता न्हवं, मागं सरा, कावळ्याला वाट द्या म्हणून. आज वरडला न्हाईसा."

खरं होतं. दर मयताला तो ओरडायचा. आज स्वतःचं बोलून झाल्यावर तो हलका होऊन बसला होता आणि ओरडायचं राहून गेलं होतं.

"नाना, आत घिऊ का?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

हरिबानं हात वर केला. ट्रॅक्टर वाटेत शिरला. मनुबाईच्या गाडीचं चाक रुतलं होतं त्या कोपऱ्यापर्यंत सरळ आला आणि थांबला. बनुबाई तोवर बांधावर चढली होती. तिथून तिचा आवाज आला, मोठा नव्हता, पण स्वच्छ ऐकू आला.

"मी मेल्यावर माज्यावर बोलू नगासा. एक शब्द सुदिक न्हाई."

हरिबानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि खाकरून तो ट्रॅक्टरकडं मोळ्या न्यायला वळला.